शिट्टीच्या तारेचा डावा पीळ

सुनंदाताई, तुम्हाला गेल्या बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मारलं.

मी ‘मारलं’ असंच लिहिणार. फाटकावरच्या नोटिशीत ‘दुर्दैवी घटना’ आहे. त्याखाली आहे की, प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी परवानगी नसताना वाफेचा कॉक हाताळल्यामुळे सदर घटना घडली. म्हणजे आधी जीव घेतला, आणि मग गुन्हाही तुमच्याच तिरडीवर ठेवून दिला. नोटीस मी फाडली. त्यांनी दुसरी लावली, तीही मी फाडली. तिसरी काचेच्या पेटीत लावलीय आणि पेटीपाशी वॉचमन उभा केलाय. तुमच्यासाठी या कंपनीनं पहिल्यांदाच एवढा बंदोबस्त केला.

वेळ मला पक्की माहीत आहे. पहिली पाळी संपल्याचा भोंगा तीनला झाला होता. मी नळावर हात धुऊन चहाकडे निघालो होतो. तुम्ही लॅबच्या दारातून टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाकडे बघितलंत आणि धावत सुटलात. पदर खोचत धावत होतात. मी मनात म्हटलं, आता ताई कुणाला तरी फाडून खाणार. मग शेडचे पत्रे वर गेले.

आवाज मला ऐकू आला नाही. कान आधीच गेले होते. माझ्यासमोर माझ्या पाळीतला बबन ओरडत होता आणि त्याचं तोंड नुसतं उघडमीट करत होतं. टाकीचं लोखंडी झाकण छत फाडून बाहेरच्या आंब्यात जाऊन बसलं. उकळती मळी भिंतींवरून खाली उतरत होती. वाफ थोडी विरली तेव्हा तुम्ही दिसलात, कॉकच्या चाकाजवळ. पुढचं मी लिहिणार नाही. भिसेगावात, तुमच्या घरी, तुमच्या आई हे वाचतील. पण एक लिहितो : चाक अर्धं फिरलेलं होतं. बंद करायच्या बाजूला. नोटीस म्हणते तुम्ही कॉक हाताळलात. हो, हाताळलात! त्या सबंध शेडमध्ये बंद करायला धावलेला तो एकच हात होता, आणि तो तुमचा होता.

स्मशानात शिफ्ट इंजिनिअर साहेब पुष्पचक्र घेऊन आले. चक्रावर कंपनीचं नाव रंगीत कागदावर मोठ्ठं, तुमचं नव्हतंच. मी ते त्यांच्या हातातून ओढलं आणि पायाखाली घेतलं. ते म्हणाले, “अरे, जागा बघ, वेळ बघ.” मी त्यांच्या तोंडावर मारली. तुम्ही असतात तर माझा कान धरला असता. तुम्ही नव्हतात म्हणूनच मारली, ताई. दुसरी मारणार होतो, पण तुमच्या आईंनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, भर उजेडात, चौकातल्या गॅरेजपाशी दोघांनी मला गाठलं. समोरच्या ढाब्यावर माणसं चहा पीत बसली होती. एकानं माझा डावा हात ट्रकच्या बॉनेटवर पसरून धरला. दुसऱ्यानं जॅकच्या दांड्यानं तीन वेळा मारलं. ढाब्यावरचं कुणी उठलं नाही. एकानं कप तेवढा खाली ठेवला. हे मी उजव्या हातानं लिहितोय. अक्षर वाकडं येतंय. छापणारा म्हणाला, वाचता येतंय तेवढं पुरे.

डावाच हात का, ते पुढे येईल.

तुमची माझी पहिली भेट भांडणाची. आणीबाणी उठून वर्ष झालं नव्हतं. भाताच्या पेंढ्याखाली दडवलेलं सायक्लोस्टाइल मशीन आम्ही नुकतंच बाहेर काढलं होतं आणि मी दिसेल त्याच्या हातात पत्रक कोंबत होतो. तुम्ही लॅबच्या ओट्याशी उभ्या राहून पूर्ण वाचलंत. खिशातलं लाल पेन काढून चार ठिकाणी खुणा केल्यात.

“दत्ता, यात ‘रक्तपिपासू’ पाच वेळा आलंय.”

“पाच वेळा पितात म्हणून.”

“आणि कामगारांना नेमकं काय हवंय ते एकदाही आलेलं नाही.”

मी रागानं निघून गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो. तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत आमची चौकडी तुमच्या लॅबच्या पायरीवर डबे उघडू लागली : बबन, काशिनाथ, लक्ष्मण आणि मी. तुम्ही कर्जतच्या एसटीनं यायचात, तुमच्या डब्यात पोळी-भाजी. आमच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. आठवडाभरात डब्यांची अदलाबदल सुरू झाली. ‘मॅडम’ म्हणायला तुम्ही बंदी केलीत. साहेब लोक तुम्हाला ‘मिस’ म्हणत, आम्ही ‘ताई’.

“आमी दिवसभर टाकीत मळी ओततो,” लक्ष्मणनं एकदा विचारलं, “आन् खालनं कोंबड्यांचं खाद्य निगतं. मधी काय व्हतं ओ ताई?”

या प्रश्नाची तुम्ही तीन वर्षं वाट बघत होतात असं तुमचं तोंड झालं.

तुम्ही सांगितलंत की टाकीत जीवाणू आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ते मळीतली साखर खातात आणि लायसिन बनवतात. ते लायसिन कोंबड्यांच्या खाद्यात जातं. जीवाणूच्या पोटात एक रांग आहे. रांगेतला प्रत्येक कामकरी म्हणजे एक एन्झाइम. एक अर्धवट माल पुढे देतो, दुसरा त्यावर काम करतो, तिसरा घेतो. शेवटी लायसिन. “एन्झाइम म्हणजे प्रथिनाची लांब साखळी, घडी घालून गाठोडं झालेली. त्याला एक तोंड असतं. कच्चा माल तोंडात बसतो, काम होतं, माल बाहेर. शाळेत याला कुलूप आणि किल्ली म्हणतात. खोटं नाही, पण अर्धंच आहे.”

मग मला म्हणालात, “तुझी पक्कड धर. घट्ट. तुझ्या बोटांना हात न लावता सोडवून दाखवते.”

“तुमी? सोडवा की!”

तुम्ही माझ्या पंजाच्या पाठीवर दोन बोटं टेकलीत आणि मनगट हलकेच आतल्या बाजूला वाकवलंत. बस. माझी बोटं आपोआप सैल पडली. पक्कड सटकली ती काशिनाथच्या पायावर.

“मारलीत ना ताई!” काशिनाथ एका पायावर नाचत ओरडला. “आता मना रजा द्या!”

“तुझ्या अंगठ्यालाच दे,” बबन म्हणाला, “बाकीचा काशिनाथ कामावर ठेव.”

हसून झाल्यावर तुम्ही सांगितलंत. काही एन्झाइमांना तोंडाखेरीज दुसरा एक खळगा असतो, तोंडापासून लांब, पाठीकडे कुठे तरी. तिथे भलताच एक रेणू येऊन बसतो, कच्च्या मालासारखा मुळीच न दिसणारा. तो बसला की अख्खं गाठोडं जरासं सरकतं, आकार बदलतो, आणि पलीकडे तोंड मिटतं. किंवा उलट, उघडतं. तोंडाला कुणी हात लावलेला नसतो. “पुरेसं लायसिन साठलं की तेच लायसिन मागे फिरतं आणि रांगेतल्या अगदी पहिल्या एन्झाइमच्या त्या खळग्यात बसतं. पहिलाच थांबला. मग पुढच्यांना मालच मिळत नाही, सगळी रांग थांबते. लायसिन संपत आलं की खळगा रिकामा होतो, मूळ आकार परत, काम सुरू. ना मुकादम, ना भोंगा.”

“मग आमच्या टाकीतलं कसं नाय थांबत?” लक्ष्मण म्हणाला. “आमी तर पिंपंच्या पिंपं भरतो.”

तुम्ही डबा बंद केलात. “कारण हे बिघडवलेले आहेत. यांच्या पहिल्या एन्झाइमचा खळगा असा बदललाय की लायसिन त्यात बसतच नाही. पुरे झालं, ही खूणच त्याला पोचत नाही. म्हणून ते बनवत राहतात.”

मी उडालो. “म्हणजे मालकाला हवा तसा कामगार!”

“पत्रकात घालू नकोस हं. जीवाणूंचा अपमान होईल.”

मी पुढच्याच पत्रकात घातलं. तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. नवव्या दिवशी म्हणालात, “उदाहरण बरोबर वापरलंयस. तरीही न विचारता वापरलंस.”

आपलं खरं भांडण त्यापुढचं, आणि ते अर्ध्यावर राहिलं. तुम्ही सांगितलंत की अशी बरीच एन्झाइमं चार तुकड्यांची बनलेली असतात. चार गाठोडी एकमेकांना टेकून. प्रत्येकाचं एक ताठ रूप, एक सैल रूप. एका तुकड्याला खूण पोचली की बाकीच्यांनाही जाणवतं. पण कसं, यावर शास्त्रज्ञांत दोन तट. एक म्हणतो, चारही एकदमच बदलतात, एक सैल आणि तीन ताठ असं मधलं रूप नसतंच. दुसरा म्हणतो, आधी एक बदलतो, त्याचा ओढा शेजारच्याला बसतो, मग तो, मग पुढचा.

“यातलं खरं काय?” मी विचारलं.

“काही एन्झाइमं या वळणाची, काही त्या. सगळं अजून ठरायचंय.”

“हे खास तुमच्या भिसेगावचं उत्तर, ना इकडचं ना तिकडचं! चारही एकदम. फाटकावर पण तसंच. सगळे एकाच वेळी उठतील तेव्हाच काही बदलेल.”

“आणि तोवर?”

“तोवर तयारी.”

“तोवर कुणीच उठायचं नाही, असा अर्थ होतो त्याचा, दत्ता. सगळ्यांची वाट बघणं ही लपायला फार चांगली जागा आहे.”

मी तुम्हाला शिव्याच दिल्या त्या दिवशी. पांढऱ्या कोटातली क्रांती म्हणालो. तुम्ही परीक्षानळ्या धुवत राहिलात. एक नळी हातात फुटली. रक्त आलं ते कोटाला पुसलंत आणि पुढची घेतलीत. त्या शब्दांची माफी मी मागितलेली नाही. आज मागतोय, आणि ऐकायला कोण आहे?

भात कापणीला तुम्ही आमच्या गावी आलात ते आठवतं? आमच्या गावात चार घरांची सावड आहे, आणि ती चार घरं म्हणजे आमचीच चौकडी. आज बबनचं शेत, उद्या माझं, परवा काशिनाथचं. मजुरी नाही, हिशेब नाही, सगळे मिळून कापायचं. तुम्ही बांधावर बसून बघत होतात. एक ओळ फार वर कापलेली होती, धसकटं वीतभर उभी. तुम्ही माझ्या आईला विचारलंत, “ही कुणी कापली?”

“सावडीत कुनाचा इळा कुठं चालला त्ये इचारत नाय गं बाय,” आई म्हणाली. “वंगाळ कापली तं सगल्यांनी कापली.”

“आणि विळा कुणाच्या हाताला लागला तर?”

आईनं पेंढी बांधता बांधता सांगितलं, “तवा मातुर ज्याचा त्याचा हात.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हसलो. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं.

आता बुधवारची सकाळ. ही मी कुठल्याच पत्रकात लिहिलेली नाही.

मोठ्या टाकीत मळी भरली की जीवाणू सोडण्याआधी ती वाफेनं उकळून निर्जंतुक करतात. वाफेचा दाब फार वाढला की वरची झडप उघडते आणि जास्तीची वाफ बाहेर जाते. आम्ही तिला शिट्टी म्हणतो, कुकरसारखी. शिट्टीची स्प्रिंग झिजली होती. ती कधीही उघडायची, वाफ वाया जायची, टाकी तापायला उशीर व्हायचा. नवीन झडप मागवा असं तुम्ही रजिस्टरात दोनदा लिहिलंत, लाल पेनानं. आठ वाजता साहेब आले. वर बघून म्हणाले, “तार मारा रे तिला. आजचा माल अडता कामा नये.”

बबननं शिडी धरली. काशिनाथनं तार कापून दिली. लक्ष्मण लॅबच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला, ताई येतात का बघायला. शिडीवर चढलो तो मी. शिट्टीच्या दांडीला तीन वेढे घेतले आणि पक्कडीनं पीळ दिला. मी डावखुरा. माझा पीळ उलटा बसतो, कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या फाटकसभेचं पत्रक जुळवत होतो. विषय होता कामगारांची सुरक्षितता. थुंका माझ्यावर, ताई.

साडेबाराला आपण पायरीवर डबे उघडले. तुम्ही घास हातात धरून थांबलात.

“आज शिट्टी गप्प कशी?”

चौघांपैकी कुणीही कुणाकडे बघितलं नाही. सावड होती ना! मग काशिनाथ म्हणाला, “सुदारली आसंल, ताई. वयात आली.” आम्ही हसलो. तुम्ही पण हसलात आणि घास तोंडात घातलात.

तुमचा आमच्यावर विश्वास होता. साहेबांच्या शब्दावर तुम्ही जिना चढून तपासायला गेला असतात. आमच्या हसण्यावर जेवत बसलात. मी एक शब्द बोललो असतो, ‘बांधलीय’ एवढाच, तर तुम्ही वाफ बंद करून, माझी पक्कड घेऊन स्वतः शिडीवर चढला असतात आणि महिनाभर माझ्याशी बोलला नसतात. तो महिना मला हवा आहे. तो अबोला मला हवा आहे, ताई.

स्फोटानंतर साहेब मळीच्या चिखलात गुडघ्यांवर बसून काही तरी शोधत होते. तुमच्याकडे पाठ होती त्यांची. ते तार शोधत होते. ती मला मिळाली, भिंतीच्या कडेला, तुटलेल्या दांडीसकट. पीळ तसाच, डावा. संध्याकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. “तार दाखवून काय करशील? पीळ तुझा. पहिली बेडी तुला पडेल. ताई गेल्या, त्यांना आता कशाचा त्रास नाही.” मी तार खिशात दाबून बाहेर पडलो. दुसऱ्या सकाळी स्मशानात त्यांना मारली, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी माझा हात मोडला. पीळ देणारा हातच मोडून ठेवला, म्हणजे कळावं की त्यांच्या लक्षात आहे.

आणि मी पण हात मोडल्याचं भांडवल करून दोन दिवस हिंडलो, हे लिहायला हवं. मार खाल्लेला माणूस म्हणून मान मिळाला. तार कुणी पिळली हे कुणाला सांगितलं नाही.

काल भिसेगावला गेलो. तुमच्या आईंनी पाणी दिलं. तुमचा पांढरा कोट खुंटीला होता, बाहीवर ते जुनं रक्त. नोटिशीतला मजकूर कुणी तरी त्यांना सांगितला होता. रडल्या नाहीत. सरळ विचारलं, “दत्ता, तू तिथं होतास. माझ्या मुलीची चूक होती का रे?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग कुणाची?”

माझ्या तोंडात आलं, ‘आमची.’ ताई, मी तो शब्द गिळला. तो शब्द म्हणजे काशिनाथचा विनोद, लक्ष्मणची पाठ, बबनची शिडी आणि माझी पक्कड एका गाठोड्यात बांधून बांधावर ठेवून देणं. वंगाळ कापली तर सगळ्यांनी कापली. विळा मात्र तुमच्या एकटीच्या अंगात गेला.

मी तार खिशातून काढून त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, “हा पीळ माझा. हुकूम साहेबांचा.” त्यांनी मला थोबाडीत मारली. या सगळ्या दिवसांत मिळालेली ती एकच न्यायाची गोष्ट. मग तार पदरात बांधून म्हणाल्या, “सोमवारच्या चौकशीला मी घेऊन येते.”

आपलं भांडण मी आज सोडतो, ताई. एन्झाइमांचं तुमचे शास्त्रज्ञ बघतील. माणसांचं मला कळलं. चारही एकदम बदलत नाहीत. बदलतील म्हणून वाट बघितली तर दाब वाढत राहतो आणि शिट्टी बांधलेली असते. कुणाला तरी आधी सरकावं लागतं, शेजारच्याला टेकून असतानाच, म्हणजे ओढा बसतो. बसेल का, हे मला माहीत नाही. तुम्ही म्हणाला असतात, अजून ठरायचंय.

आता तुम्ही, जे हे वाचताय.

सोमवारी सकाळी अकरा वाजता खालापूरला कारखाना निरीक्षकांसमोर चौकशी आहे. तुमच्यासाठी नाही, ताईंसाठी आहे. काचेतली नोटीस खरी की खोटी, ते तिथे ठरणार. मी उभा राहून सांगणार आहे : तार मी पिळली, हुकूम साहेबांनी दिला, ताईंनी विचारलं आणि मी बोललो नाही. बेडी पडली तर पडू दे. बबन, शिडी कुणी धरली ते तू सांग. काशिनाथ, दुपारी काय बोललास ते शब्द न् शब्द सांग. लक्ष्मण, तू दाराकडे तोंड करून उभा होतास, आता आमच्याकडे तोंड कर.

आणि ढाब्यावर चहा पिणाऱ्यांनो, ज्यांनी कप खाली ठेवला आणि ज्यांनी ठेवलाही नाही, तुम्ही पण या. तुमच्या डोळ्यांदेखत हात मोडला, तेवढंच सांगा. ज्यांनी कुठल्या कारखान्यात कधी एखादी शिट्टी बांधलीय, किंवा बांधताना पाहिलीय, त्यांनी आज जाऊन ती सोडा आणि मग या. घोषणा नकोत, झेंडे नकोत. घोळक्यात उभे राहून ‘आम्ही सगळे’ म्हणू नका.

एकेकानं पुढे या, आणि आपलं नाव सांगा.